टबात पाय का घसरतो?

२० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन या अमेरिकन अंतराळवीराने 'फ्रेंडशिप ७' या यानातून पृथ्वीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने जाणारे ते यान वातावरणात परतत असताना त्याचे उष्णतारोधक कवच निसटले तर नाही ना, अशी शंका खाली जमिनीवर बसलेल्या शास्त्रज्ञांना भेडसावत होती. तरीही ग्लेन समुद्रात सुखरूप उतरले. पुढे बरोबर दोन वर्षांनी, फेब्रुवारी १९६४ मध्ये, हेच ग्लेन स्नानगृहातला आरसा ठीकठाक करताना पडले आणि त्यांचे डोके टबाच्या कडेवर आपटले. आंतरकर्णाला इजा झाली. शरीराचा तोल सांभाळणारी यंत्रणा याच आंतरकर्णात असते, त्यामुळे त्यांना घेरी येऊ लागली. त्या वर्षी ते सेनेटची निवडणूक लढवणार होते. मार्चअखेर त्यांना माघार घ्यावी लागली आणि सेनेटमध्ये जाण्यासाठी १९७४ सालापर्यंत थांबावे लागले.

घर्षण हा विषय शिकवताना ही हकीकत मी वर्गात सांगतो. मुले हसतात. मग मी विचारतो, "ज्या पावलाखाली पाणी आहे, त्याच्या घर्षणाचा गुणांक किती?" आणि वर्ग शांत होतो. कारण पुस्तकातल्या कोष्टकात लाकूड आणि लाकूड असते, पोलाद आणि पोलाद असते. ओला पाय, साबण आणि टब असे तिघे एकत्र कोठेच नसतात.

खरे तर हा प्रश्न गमतीचा नाही. अमेरिकेत २००८ या एका वर्षात १५ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या लोकांना स्नानगृहात झालेल्या सुमारे २,३४,००० इजांवर रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत उपचार करावे लागले, असा तेथील रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे. यांपैकी सुमारे ८१ टक्के इजा पडल्यामुळे झालेल्या होत्या. त्या देशात घरोघरी टब असतो. टब म्हणजे बहुधा बिडाचा किंवा पोलादी पत्र्याचा, आतून एनॅमलचा मुलामा दिलेला हौद. एनॅमल म्हणजे धातूवर वितळवून बसवलेली काचच. हल्ली ॲक्रिलिक व फायबरग्लासचेही टब असतात. तळ गुळगुळीत, कडा गुडघ्याइतकी उंच, ओलांडताना एका पायावर उभे राहायचे, आणि धरायला जवळ काही नाही. पडण्यासाठी याहून चांगली सोय मुद्दाम करायची म्हटली तरी जमणार नाही!

अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी एक आयोग स्थापन झाला. त्याने सुरुवातीच्या वर्षांत हाती घेतलेल्या विषयांत टब व शॉवर हेही होते. काम वरकरणी सोपे वाटते. टब फार निसरडे असू नयेत, एवढेच तर सांगायचे! पण 'फार' म्हणजे किती? कारखानदाराला आकडा हवा, आणि तो आकडा कोणालाही, कोठेही, पुन्हा मोजता यायला हवा. येथून भौतिकशास्त्राचा खरा कस लागतो.

प्रथम आपल्या ओळखीच्या घर्षणाकडे पाहू. टेबलावर लाकडी ठोकळा ठेवून तो आडवा ओढला, तर सुरुवातीला तो हलत नाही. ओढ वाढवत गेलो की एका क्षणी तो निसटतो. त्या क्षणीचे आडवे बल भागिले ठोकळ्यावरची लंब प्रतिक्रिया म्हणजे स्थितिक घर्षणाचा गुणांक. हा गुणांक स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतो, हे फ्रान्सच्या आमोंताँने १६९९ साली मांडले. पुढे कुलोंबने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या नियमांना नेटके रूप दिले. हे नियम कोरड्या, कठीण पदार्थांपुरते चांगले चालतात. सपाट जमिनीवर नेहमीच्या चालीने चालताना आपल्याला सुमारे ०.२ इतक्या गुणांकाची गरज असते, आणि कोरड्या फरशीवर त्याच्या दुप्पट-तिप्पट घर्षण सहज मिळते. म्हणून आपण रोज पडत नाही.

पण दोन पृष्ठभागांच्या मध्ये पाणी आले की गोष्ट पालटते. मग पाय आणि टब एकमेकांना शिवतच नाहीत. पाय पाण्याच्या थरावर उभा असतो. अशा थराचे गणित ऑसबर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली मांडले. त्यांच्यासमोर रेल्वेच्या आसांच्या धारव्यांचा प्रश्न होता. तेलाच्या पातळ थरावर डब्याचे सारे वजन तरंगते आणि धातूला धातू लागत नाही, ही गोष्ट इंजिनाला वरदान आहे. टबात उभ्या असलेल्या माणसाला तोच शाप ठरतो.

आता प्रश्न असा, की आपल्या वजनाने हे पाणी बाजूला सारले जायला वेळ किती लागतो? व्हिएन्नाच्या योसेफ श्टेफान यांनी दोन चकत्यांमधून द्रव कसा पिळून निघतो याचे सूत्र १८७४ साली दिले. बारावीच्या विद्यार्थ्यांना हे श्टेफान परिचयाचे आहेत. उष्णतेच्या प्रारणात तापमानाचा चौथा घात येतो, तो नियम त्यांचाच. गंमत म्हणजे येथेही चौथा घात आहे, पण चकतीच्या त्रिज्येचा. लागणारा वेळ म्हणजे ३ गुणिले पाय गुणिले श्यानता गुणिले त्रिज्येचा चौथा घात, भागिले बलाची चौपट गुणिले उरलेल्या थराच्या जाडीचा वर्ग. (येथे 'पाय' म्हणजे आपले पाऊल नव्हे, ३.१४! आणि श्यानता म्हणजे द्रवाचा वाहायला विरोध करण्याचा गुण. मधाची जास्त, पाण्याची कमी.)

टाच ही २ सेंटिमीटर त्रिज्येची सपाट चकती मानू. तिच्यावर ६०० न्यूटन, म्हणजे साधारण ६० किलोग्रॅमच्या माणसाचे वजन आहे. पाण्याची श्यानता ०.००१ पास्कल-सेकंद धरू. आकडे घालून पाहा. पाण्याचा थर १० मायक्रोमीटरपर्यंत पातळ व्हायला सुमारे ०.००६ सेकंद लागतो, म्हणजे जवळजवळ वेळच लागत नाही. पण तोच थर १ मायक्रोमीटरवर यायला ०.६ सेकंद लागतो! जाडी दहापट कमी करायची तर वेळ शंभरपट, कारण सूत्रात जाडीचा वर्ग आहे. केसाची जाडी साधारण ७० मायक्रोमीटर असते हे लक्षात घेतले, तर एवढासा थर काय करणार असे वाटेल. पण काचेसारख्या गुळगुळीत एनॅमलवर एवढा थरही पुरतो. शिवाय टाच टेकल्यावर पाय सटकायचा असेल तर तो सेकंदाच्या पहिल्या दशांशातच सटकू लागतो. म्हणजे पाणी निघून जायच्या आत पाय गेलेला असतो. द्रावणात साबण दाट असेल आणि श्यानता दहापट झाली, तर ०.६ सेकंदाचे ६ सेकंद होतात.

आपली टाच सपाट चकती नाही, मऊ आहे, तिच्यावर रेषा आहेत. तेव्हा हे आकडे अंदाजाचेच समजायचे. पण सूत्राने एक किल्ली हाती दिली आहे. त्या टाचेखालचा भाग एकसंध न ठेवता त्याची शंभर छोटी बेटे केली, प्रत्येकाची त्रिज्या २ मिलिमीटर, आणि मधून पाण्याला वाट ठेवली, तर काय होईल? त्रिज्या दहावा भाग झाली, तिचा चौथा घात दहा हजारावा भाग झाला. प्रत्येक बेटावरचे वजन मात्र शंभरावा भाग झाले. हिशेब जमवला की वेळ शंभरपट कमी होतो. ०.६ सेकंदाचे काम ०.००६ सेकंदात! टबाच्या तळावर उठाव किंवा खडबडीत ठिपके का असतात, मोटारीच्या टायरवर नक्षी का असते, याचे उत्तर या एका भागाकारात आहे. क्षेत्रफळाचा संबंध नाही असे सांगणारा आमोंताँचा नियम येथे कोठच्या कोठे राहिला, हेही पाहून ठेवा.

साबणाचे काम एवढ्यावर संपत नाही. साबणाच्या रेणूला एक पाणी आवडणारे डोके आणि एक पाण्याला भिणारी लांब शेपटी असते. हे रेणू पृष्ठभागावर दाटीने चिकटून बसतात. पाणी पिळून निघाले तरी हा एका-दोन रेणूंचा गालिचा मागे राहतो, आणि मग पायाचा गालिचा टबाच्या गालिच्यावरून सरकतो. विल्यम हार्डी व आयडा डबलडे यांनी १९२२ साली अशा रेणूजाड थरांच्या वंगणाचा अभ्यास केला व त्याला 'सीमावर्ती वंगण' अशा अर्थाचे नाव दिले. म्हणून नुसत्या पाण्यापेक्षा साबणाचे पाणी कितीतरी वाईट. पुस्तकाची पाने उलटताना आपण बोट ओले करतो, कारण किंचित ओलसर त्वचा कोरड्या त्वचेपेक्षा अधिक धरते. त्याच बोटाला साबण लावून पान उलटून पाहा बरे! (वाचनालयाच्या पुस्तकावर नको.)

आता मोजमापाकडे येऊ. जमिनीचे घर्षण मोजायची यंत्रे आधीच होती. अमेरिकेत १९४० च्या दशकात सिडनी जेम्स यांनी बनवलेल्या यंत्रात चामड्याचा तुकडा फरशीवर दाबून सरकवत, आणि गुणांक ०.५ आला की फरशी चालण्यास सुरक्षित मानत. पण टबात कोणी चामड्याचे बूट घालून उतरत नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेसाठी प्रा. रॉबर्ट ब्रुंग्रेबर यांनी उचलून नेता येईल असे एक उपकरण तयार केले. त्याची कल्पना सुरेख आहे. एका दांड्याच्या खालच्या टोकाला बिजागरीने एक लहान 'पाऊल' जोडलेले असते. वरून ठेवलेले वजन दांड्यातून त्या पावलावर येते. सुरुवातीला दांडा उभा असतो. मग त्याचे वरचे टोक सावकाश सरकवत नेतात आणि दांडा कलू लागतो. कललेल्या दांड्यातून येणाऱ्या बलाचे दोन घटक होतात, एक खाली दाबणारा व एक आडवा ढकलणारा. त्यांचे गुणोत्तर म्हणजे कलाच्या कोनाचा टॅन्जंट. ज्या कोनाला पाऊल सटकते त्याचा टॅन्जंट हाच घर्षण गुणांक. वजन कितीही असो, ते भागाकारात निघून जाते!

या उपकरणाच्या आधारे अमेरिकन सोसायटी फॉर टेस्टिंग अँड मटेरियल्स या संस्थेने १९७९ साली 'एफ ४६२' हे टब व शॉवरच्या तळांसाठीचे मानक प्रसिद्ध केले. ते पाळण्याची कायद्याने सक्ती नव्हती. त्यात पावलाला त्वचेच्या जागी सिलिकोन रबराचा तुकडा लावायचा, तळावर साबणाचे द्रावण घालायचे, आणि गुणांक निदान ०.०४ यायला हवा असे ठरले.

०.०४! आकडा वाचून तुम्हीही माझ्यासारखे चष्मा पुसून पुन्हा पाहाल. बुटांच्या फरशीला ०.५ आणि अनवाणी, साबणलेल्या पायाला त्याच्या साडेबारावा हिस्सा? कोनाच्या भाषेत ०.५ म्हणजे २६.६ अंश, आणि ०.०४ म्हणजे अवघे २.३ अंश. मात्र हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करणे बरोबर नाही. ०.५ हा चामडे व कोरडी फरशी यांचा आकडा आहे, ०.०४ हा सिलिकोन, साबणाचे पाणी व टब यांचा. घर्षण गुणांक हा घनतेसारखा पदार्थाचा गुण नव्हे. कोण घासतो, कशावर घासतो, मध्ये काय आहे, किती वेळ टेकून आहे आणि कोणत्या यंत्राने मोजले, या सगळ्यांचे मिळून ते अपत्य आहे. परीक्षेत 'पोलादाचा घर्षण गुणांक सांगा' असा प्रश्न आला तर तो प्रश्नच चुकला आहे असे समजावे.

तरीही माझ्या मते त्या मानकात एक अडचण होतीच. ०.०३ चा टब नापास व ०.०५ चा पास, आणि दोघांच्या कोनांत फरक जेमतेम १.१ अंशाचा. मोजपट्टीच्या अगदी तळाशी रेघ मारली की चांगले आणि वाईट यांना वेगळे करायला जागाच उरत नाही.

दुसरी अडचण वेळेची होती. पाऊल तळावर ठेवायचे, आणि मग हळूहळू आडवे बल वाढवायचे, या पद्धतीत मधल्या क्षणांत पाणी पिळून निघते. श्टेफानच्या सूत्रातले ते ०.६ सेकंद आठवा. त्यामुळे खरोखरीच्या पावलापेक्षा यंत्राचे पाऊल अधिक घट्ट बसते. या दोषामुळे काही यंत्रांवर ओली फरशी कोरड्या फरशीपेक्षा कमी निसरडी असल्याचे दिसे! ब्रुंग्रेबर यांनी नंतर केलेल्या उपकरणात दांडा आधीच कललेला ठेवून पाऊल खाली सोडतात. दाबणारे व ढकलणारे बल एकाच क्षणी लागू होते आणि पाण्याला पळायला सवड मिळत नाही. पण टबाचे मानक जुन्याच उपकरणाला बांधलेले राहिले.

जर्मनांनी वेगळी वाट धरली. त्यांच्या १९९२ च्या 'डीआयएन ५१०९७' या मानकात यंत्राचे पाऊल नाही, माणसाचेच आहे. परीक्षक अनवाणी, कमरेला सुरक्षेचा पट्टा बांधून, साबणाच्या द्रावणाने भिजणाऱ्या फळीवर पुढे-मागे चालतो, आणि फळीचा उतार हळूहळू वाढवत नेतात. चालणे असुरक्षित वाटू लागले तो कोन नोंदवायचा. १२ अंश झाले तर 'अ' वर्ग, १८ ला 'ब', २४ ला 'क'. बहुतांशी कोरड्या राहणाऱ्या कपडे बदलण्याच्या खोलीला 'अ' चालतो, शॉवरच्या जागेला 'ब' लागतो, आणि पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांना 'क'. १८ अंशांचा टॅन्जंट ०.३२ येतो. ही पद्धत ओबडधोबड वाटेल, आणि ती प्रयोगशाळेबाहेर, घरात बसवलेल्या टबावर वापरता येत नाही हा तिचा मोठा तोटा आहे. पण त्वचा, साबण आणि वेळ या तिन्ही गोष्टी तीत आपोआप खऱ्या येतात. मला व्यक्तिशः हीच अधिक पटते.

दरम्यान अमेरिकेत लोक पडतच होते. ओहायो राज्यातील कोलंबस येथील एका बालरुग्णालयातील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार १९९० ते २००७ या काळात तेथे १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना टब व शॉवरमुळे झालेल्या इजा वर्षाला सरासरी ४३,६०० इतक्या होत्या, आणि बहुतेक इजा घसरून किंवा पडून झालेल्या होत्या. मानकातील घर्षणाचा आकडा पुराव्यांच्या आधारे पुन्हा तपासावा, अशी सूचना त्यांनी केली. आकडा बदलला नाही. त्या संस्थेच्या नियमानुसार कोणतेही मानक आठ वर्षांच्या आत नव्याने तपासून मंजूर व्हावे लागते. एफ ४६२ ला शेवटची मंजुरी २००७ साली मिळाली होती. २०१६ मध्ये ते मागे घेण्यात आले.

कोणी म्हणेल, मग टब सरळ खरखरीत का करत नाहीत? ब्रिटनमधील सुरक्षा खात्याच्या मार्गदर्शनानुसार साध्या पाण्याने ओल्या होणाऱ्या फरशीवर सुमारे २० मायक्रोमीटर उंचीचा खरखरीतपणा पुरतो. साबण असेल तर त्याहून जास्त हवा. पण टबात माणूस बसतो, लोळतो. त्याची पाठ सोलून निघता कामा नये. खाचांत साबणाचा मळ साचतो, तो काढायला गृहिणी दाणेदार पावडरीने घासते, आणि दोन वर्षांत उठावांची टोके झिजून टब पुन्हा गुळगुळीत होतो. म्हणजे नव्या टबाचा आकडा जुन्या टबाला लागू नाही. रबरी चटई अंथरावी तर तिच्याखालचे चोषक नीट चिकटायला हवेत. नाहीतर चटईसकट माणूस सरकायचा.

आपल्याकडे टब थोड्याच घरांत आहेत, पण मोरी सर्वांच्या घरी आहे. जुन्या घरांतील मोरीला टाकीचे घाव दिलेली फरशी असे. हल्ली तिच्या जागी चकाकणाऱ्या टाइल्स आल्या आहेत. त्या चकाकीचा अर्थ आता तुम्हाला कळला असेल.

शेवटी एक प्रयोग. टेबलावर एक चकचकीत टाइल घ्या. काडेपेटीत नाणी भरून तिचे वजन साधारण १०० ग्रॅम करा आणि तळाला खोडरबराची एक चपटी वडी चिकटवा. टाइलचे एक टोक हळूहळू उचला. काडेपेटी सुटेल तेव्हा टाइलच्या उचललेल्या टोकाची टेबलापासूनची उंची आणि त्या टोकाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून टेकलेल्या टोकापर्यंतचे आडवे अंतर मोजा. उंची भागिले आडवे अंतर म्हणजे घर्षण गुणांक. कोरड्या, ओल्या व साबणाच्या पाण्याने भिजलेल्या टाइलवर प्रत्येकी पाच वेळा करून सरासरी काढा. साबणाच्या वेळी दोन प्रकारे करा: एकदा काडेपेटी आडव्या टाइलवर ठेवून मिनिटभर थांबा व मग टोक उचला, दुसऱ्यांदा टाइल आधीच कललेली ठेवून काडेपेटी वर अलगद सोडा, आणि ती कोणत्या कोनापर्यंत थांबते ते शोधा. वडीची त्रिज्या १ सेंटिमीटर आणि वजन १ न्यूटन धरले, तर साध्या पाण्याचा थर १ मायक्रोमीटरवर यायला श्टेफानच्या सूत्राने सुमारे २३ सेकंद लागतात. तेव्हा दोन्ही पद्धतींच्या उत्तरांत फरक दिसायला भरपूर वाव आहे. मग वडीला ब्लेडने आडवे-उभे चर पाडून (हे काम मोठ्यांच्या देखरेखीखाली) सर्व मोजमापे पुन्हा घ्या. निरीक्षणांच्या तक्त्यात 'थांबलेला वेळ' हा रकाना ठेवायला मात्र विसरू नका.